घड्याळाचा हात

व्हिडिओ नऊ सेकंदांचा होता. तिनं तो ऑफिसच्या जिन्यात उभं राहून अकरा वेळा पाहिला. आईला दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींनी पाठवलेला, म्हणजे निम्म्या चौकटीत त्यांचा अंगठा आणि उरलेल्या निम्म्यात खोली. खिडकीजवळची खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला व्यायामाचा फोन. आईचे दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर आले, बोटं पांढरी पडली, ती अर्धी उठली, परत बसली, आणि मग कोणी न सांगता, न धरता, सरळ उभी राहिली. दोन पावलं पुढं आली. फोनकडे बोट रोखून म्हणाली, "चुकलं." इथं अंगठा सगळ्या चौकटीवर आला आणि व्हिडिओ संपला. बाराव्यांदा लावण्याआधी ती पायरीवर बसली. जिना नुकताच कोणीतरी पुसला होता. ओल कपड्यांतून आत आली तरी ती उठली नाही.

सतरा दिवस. सतरा दिवसांपूर्वी न्हाणीघरातून येताना आईचा तोल गेला होता. लागलं म्हणावं तर काही नाही, गुडघ्याला खरचटलं तेवढंच. पण त्या दिवशी खुर्चीत बसली ती बसलीच. धरून उठवलं की उठायची, सोडलं की पुन्हा खुर्चीत. फिजिओथेरपिस्ट येऊन गेली. तिशीची, खणखणीत आवाजाची, कोणाच्या हळवेपणाला फार वेळ न देणारी. आईच्या पोटऱ्या दाबून पाहत ती म्हणाली होती, "हे बघा, डोकं विसरतंय त्याला माझ्याकडे इलाज नाही. पण आता पाय विसरायला लागलेत, त्याला आहे. तुम्ही धरून उठवता ते तुमच्या हातांचं बळ. त्या आपणहून उठल्या पाहिजेत. दिवसातून एकदा, आणि दहा मिनिटं तरी उभ्या राहिल्या पाहिजेत. सोमवारी येते मी. तोवर नाही जमलं तर चाकाची खुर्ची सांगून ठेवा." आज शुक्रवार होता. चाकाच्या खुर्चीत वाईट काय, असं तिनं स्वतःला सतरा दिवसांत बरेचदा विचारून पाहिलं होतं. वाईट काही नाही. पण आईला बसलेली तिनं लहानपणी फारशी पाहिलीच नव्हती. भाजी चिरायची तीही ओट्याशी उभी राहून, पेपर वाचायचा तोही खिडकीशी उभ्यानं, तिच्या वहीतली गणितं तपासायची तीही कपाटाला टेकून. बसलेली आई म्हणजे आजारी आई, असं समीकरण तिच्या डोक्यात सहाव्या-सातव्या वर्षीच पक्कं झालं होतं, आणि ते आता पुसायचं कशानं?

गंमत म्हणावी तर तिचा धंदाच हा. डिमेन्शिया झालेल्या माणसांकडून घरच्या घरी व्यायाम करून घेणारं अ‍ॅप ती आणि आणखी चौघं मिळून दोन वर्षं बनवत होते. ती डिझायनर, म्हणजे अक्षर केवढं, बटण केवढं, कुठल्या रंगाला म्हातारे डोळे बिचकतात, एका सूचनेनंतर दुसरीपर्यंत किती सेकंद थांबायचं, हे सगळं तिच्या डोक्यातून निघालेलं. पडद्यावर एक पोक्त, हसऱ्या चेहऱ्याची बाई उभी राहायची. तिच्या केसांत पांढरं किती असावं यावर तीन बैठका झाल्या होत्या. सगळे तिला ताई म्हणत. ताई म्हणते, 'उजवा हात वर', आणि हात वर करते. समोरच्यानं केला की फोनचा कॅमेरा तो मोजतो आणि ताई म्हणते, 'छान.' नाही केला तरी छानच म्हणते. हा नियम तिचाच होता, तिनं तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावला होता: चूक दाखवायची नाही. ज्यांना उठल्यापासून झोपेपर्यंत सगळं जग चुका दाखवतं, त्यांना निदान एका फोननं तरी दाखवू नयेत. चौदा घरांत चाचणी चालली होती. पंधरावा फोन तिनं आपल्या घरी नेला होता. चौदा घरांतले आजी-आजोबा हात वर करत होते, पाय हलवत होते, एक आजी तर ताईला रोज जेवायला थांबण्याचा आग्रह करायची. आणि तिच्या घरी आई ताईकडे नुसती बघत बसायची, बसस्टॉपवर समोरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी. दिव्याखाली अंधार, असं ऑफिसात कोणी बोलून दाखवलं नाही. माणसं चांगली होती.

मग आजच काय झालं? आनंद झाला होता यात शंका नाही, छातीत तो धडधडत होता. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, बुटात खडा जावा तसं. तो शब्द. म्हणजे शब्दही नव्हे, तो आवाज. 'चुकलं' हे आईनं ज्या आवाजात म्हटलं तो घरातला आवाज नव्हता, मैदानावरचा होता. आई मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, डाव्या मनगटावर मोठ्या तबकडीचं घड्याळ, आणि दोनशे मुलींच्या डोक्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, तरी कधी न ओरडणारा आवाज. त्याच शाळेत तीही शिकली, त्याच मैदानावर. घरून निघताना आई. फाटक ओलांडलं की बाई. आत 'तू' नाही, 'तुम्ही'. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर येऊन आई गळ्यातली शिट्टी काढायची, पर्समध्ये टाकायची, पर्सची चेन सर्रकन ओढायची, आणि त्या आवाजानंतरच 'आई' म्हणायची मुभा होती. मुलींनी तिचं नाव 'बाईंची' असं ठेवलं होतं. बाईंची कोण, ते पुढं काही नाही, नुसती बाईंची. बाईंची म्हणून तिला कधी पहिली रांग मिळाली नाही, संचलनात झेंडा मिळाला नाही, चारचौघींत शाबासकी मिळाली नाही. आपल्या पोरीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून आईनं तिच्या मापातलंच थोडं काढून ठेवलं होतं. आणि आता तर सगळंच फिरलं होतं. घरात 'आई' अशी हाक मारली की आई दाराकडे बघायची आणि विचारायची, "कोणाची आई आलीय? बाहेर थांबायला सांगा, शाळा सुटायची आहे." 'बाई' म्हटलं की मात्र मान वळायची. तेव्हा गेलं वर्षभर ती घरातही 'बाई' म्हणत होती आणि 'तुम्ही' म्हणत होती. फाटक नेमकं कुठं आहे हे आता तिलाही कळेनासं झालं होतं.

"इथं बसलीयस होय," वरच्या पायऱ्यांवरून भिंग म्हणाला. भिंग म्हणजे त्यांचा प्रोग्रामर. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, दुसऱ्याच्या कामातली बारीकशी चूकही ज्याला न शोधता सापडते असा. नाव त्याला शोभायचं आणि ते त्यालाही मान्य होतं. "वर ये जरा. कालच्या आवृत्तीत काहीतरी घोळ झालाय. चौदापैकी अकरा घरांतून तक्रारी आल्यात."

"कसल्या?"

"लोक गोंधळतायत. हात वर करायला जातात आणि मध्येच थांबतात. एका आजोबांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच बसून राहिले. सुनेनं लिहिलंय, 'बाबा शरण आल्यासारखे दिसतात.'"

तिला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही येईल असं वाटलं, म्हणून ती पटकन उठून वर गेली. भिंगाच्या टेबलावर ताई चालू होती. 'उजवा हात वर,' ताई म्हणाली आणि तिनं आपला उजवा हात वर केला. यात चूक ती काय, असं बाईंचीच्या अगदी ओठांवर आलं होतं, कारण ती दुरुस्ती तिचीच होती. बुधवारी दुपारी चित्रं लावून ठेवताना तिच्या लक्षात आलं की यादीत लिहिलंय 'उजवा हात वर' आणि चित्रात मात्र ताईचा घड्याळाचा हात वर आहे. घड्याळ डाव्या मनगटावर. ताईला ते घड्याळ द्यायची कल्पना तिचीच, त्यामुळे खात्री करायलाही नको. ही चित्रं काढणारा चित्रकार वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला होता. त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवून तिनं बावीस चित्रांची नावं बदलली, उजव्याचं डावं, डाव्याचं उजवं, आणि मोठा घोटाळा निस्तरल्याच्या समाधानात चहा प्यायली.

भिंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला, "उजवा हात वर," म्हणाला आणि त्यानं आपला उजवा हात वर केला. तिचा डावा हात निघाला. मग कान म्हणाले उजवा, डोळे म्हणाले हाच, आणि हात कमरेपाशी लटकत राहिला. समोर उभं राहून शिकवणाऱ्यानं आरशासारखं उभं राहायचं असतं. तोंडानं उजवा म्हणायचं आणि आपला डावा वर करायचा, म्हणजे समोरच्याचा हात न चुकता बरोबर बाजूला जातो. चित्रकाराला ते माहीत होतं. आणि हे तिला कोणी सांगायला हवं होतं? सहा वर्षांची होईतो तिला वाटायचं, उजवा हात म्हणजे घड्याळाचा हात. कारण मैदानावर आई समोर उभी राहून 'उजवा' म्हणायची आणि घड्याळाचा हात वर जायचा, काच उन्हात चमकायची. शाळा सुटल्यावर रस्त्यानं चालताना ती मुद्दाम घड्याळाच्या बाजूला यायची आणि विचारायची, हा तुझा उजवा ना? आई हसायची. "हा माझा डावाच गं. मैदानावर तो तुमच्यासाठी उजवा होतो." अख्खी नोकरी आई दोनशे मुलींसमोर उलटी उभी राहिली, मुलींचं सुलटं व्हावं म्हणून. आणि तेवढं तिच्याजवळ शाबूत होतं. स्वतःचं नाव गेलं, जेवलो की नाही ते गेलं, पोटची पोर गेली, आणि समोर उभी असलेली बाई चुकीचा हात वर करतेय एवढं मात्र राहिलं. विसरली होती ती मुलगी. धडधाकट डोक्याची, दोन वर्षं दुसऱ्यांच्या विस्मरणाचा अभ्यास करणारी. कुणाची चूक दाखवायची नाही असं भिंतीवर लावणारीनं स्वतःच चूक केली, आणि ती दाखवायला सतरा दिवसांनी तिची आई उभी राहिली.

"मी केलं ते," ती म्हणाली. "मला वाटलं चित्रकाराचं चुकलंय."

"ठीक आहे, होतं असं. पंधरा मिनिटांत पूर्वीसारखं करून सगळ्यांना पाठवतो."

तिनं फोन त्याच्यापुढं धरला. भिंगानं नऊ सेकंद पाहिले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला आणि पुन्हा पाहिले. त्याला आईची हकीकत माहीत होती, सोमवारही माहीत होता.

"एक फोन सोडता येईल?" तिनं विचारलं.

"पाठवलं की सगळ्यांनाच जातं. पण फोन आधी विचारतो ना, नवीन घ्यायचं का म्हणून. घरी सांग, नाही म्हणायचं. पण मग त्यांना चुकीचंच दाखवत राहायचं का आपण?"

"ती शिकत नाहीये रे. शिकवतेय."

भिंगानं खुर्ची टेबलाकडे ओढली. तिनं मावशींना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एक माणूस काच पुसत होता, तोच तोच भाग, गोल गोल. तिसऱ्यांदा लावला. थांबव ना सोमवारपर्यंत, असं भिंगाला म्हणावं असं तिच्या मनात आलं. अकरा घरं आणखी तीन दिवस गोंधळली म्हणून काय मोठं आकाश कोसळणार होतं? मग दोन्ही हात वर करून बसलेले आजोबा तिच्या डोळ्यांपुढं आले. ते कोणाला शरण गेले असतील, त्यांना काय वाटलं असेल, खाली घ्या म्हणून त्यांना किती वेळानं कोणी सांगितलं असेल? "पाठव," ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघाली.

बसमध्ये बसायला जागा नव्हती. वरची दांडी धरून ती उभी राहिली आणि दर थांब्याला मावशींना फोन लावत राहिली. दुपार कलती होती, गाडीत ऊन तिरकं येत होतं, आणि वर धरलेल्या हाताला हळूहळू मुंग्या येऊ लागल्या. आधी बोटांना, मग कोपरापर्यंत. ही कळ तिच्या ओळखीची होती. शेवटच्या रांगेत, डावीकडून चौथी. 'उजवा हात वर,' आई म्हणायची, आणि ती डावा वर करायची. मुद्दाम. घरी कपाटाच्या आरशापुढं अख्खी कवायत बिनचूक करणारी ती, मैदानावर आठवड्यातून दोनदा तरी चुकायची. कारण चुकणाऱ्या मुलींकडे आई जायची. 'चुकलं' म्हणायची, मनगट धरायची, तो हात खाली घ्यायची, दुसरा उचलायची आणि कानाला चिकटेपर्यंत नेऊन सोडायची. आईच्या तळव्याला शिट्टीच्या पितळेचा आणि उन्हाचा वास असायचा. फाटकाच्या आत आईनं तिला हात लावायचा हा एवढाच रस्ता होता. पण आई लगेच यायची नाही. पुढच्या रांगांतल्या चुकलेल्या मुली आधी, मग मधल्या, मग तिच्याच रांगेतल्या दुसऱ्या. तिच्याकडे अगदी शेवटी. तोवर हात खाली घ्यायचा नाही. खांदा भरून यायचा, मुंग्या यायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तिला वाटायचं, बाईंची ना आपण, आपला नंबर शेवटीच लागणार. घरी गेल्यावर आई विचारायची, "तुझं लक्ष कुठं असतं गं मैदानावर? सोपं तर असतं सगळं." आणि ती मूग गिळून बसायची. आईला कधी संशय आला नाही याचं तेव्हा बरं वाटायचं. नंतर, मोठेपणी, त्याचंच थोडं वाईट वाटायचं. आपल्या माणसाची चोरी आपल्या माणसानं पकडू नये म्हणजे काय? थांबा आला तेव्हा दांडीवरून हात सोडवताना तो तिला दुसऱ्या कोणाचा असावा तसा जड लागला.

दार मावशींनी उघडलं, हातात वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा. "अगंबाई, आज लवकर? माझा फोन आत चार्जिंगला होता आणि मी गच्चीवर. बघितलात ना, कशा उभ्या राहिल्या! मला तर बाई रडूच आलं. मग बसल्या त्या, ते आता झोपून नुकत्याच उठल्यात."

"मावशी, त्या स्टुलावरच्या फोननं काही विचारलं का?"

"विचारलं की. नवीन हवं का म्हणत होता. मी हो म्हटलं." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मी नेहमी होच म्हणते. नाही म्हटलं की तो परत परत विचारत बसतो. काही चुकलं का माझं?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

खोलीत ताई चालू होती. 'उजवा हात वर,' ताई म्हणाली आणि तिचा घड्याळाचा हात वर गेला, अगदी बरोबर, अगदी पुस्तकात शोभेलसा. आई खुर्चीत होती. मांडीवर दोन हात एकावर एक. तिनं ताईकडे पाहिलं, ताईचं काम नीट चाललेलं पाहिलं, आणि मग खिडकीकडे पाहायला लागली. काम नीट चाललेल्या वर्गात बाई कशाला लक्ष घालतील? 'छान,' ताई म्हणाली. उद्या हा फोन ऑफिसात न्यावा, भिंगाकडून पुन्हा बिघडवून आणावा, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. पण उद्या आई सकाळची ती बाई असेल की नाही कोणास ठाऊक. या घरात उद्यावर काही ठेवायचं नाही, हे ती वर्षभरात शिकली होती. तिनं फोन उचलला, पालथा ठेवला, स्टूल बाजूला सरकवलं आणि जिथं स्टूल होतं तिथं स्वतः उभी राहिली. पर्स अजून खांद्यालाच होती. ती तिनं खाली ठेवली.

"उजवा हात वर," ती म्हणाली. खाकरून तिनं पुन्हा म्हटलं, "उजवा हात वर." आणि आपला उजवा हात वर केला.

आईनं मान वळवली. तिच्याकडे नव्हे, हाताकडे पाहिलं. कपाळावर एक आठी आली, पस्तीस वर्षांपूर्वी मैदानावर यायची तशीच.

"चुकलं," आई म्हणाली.

तिनं हात तसाच ठेवला. आईचे पंजे खुर्चीच्या हातांवर आले, बोटं पांढरी पडली. आई अर्धी उठली आणि परत बसली. धरायला पुढं व्हायचं नाही, हे स्वतःला बजावायला तिला अंगातलं सगळं बळ लागलं. पायाची बोटं तिनं चपलेत आवळून धरली. आई पुन्हा उठली. या वेळी पूर्ण. गुडघे थरथरले, थांबले. दोन पावलं पुढं येऊन ती समोर उभी राहिली, खांदे मागं, हनुवटी वर.

"तुला कवायत शिकवायला कोणी ठेवलं?"

"मी नवीन आहे, बाई."

"दिसतंच आहे." पण आवाजात राग नव्हता. "समोर उभं राहिलं ना, की आपण उलटं करायचं. म्हणजे पोरींचं सुलटं होतं. आपल्याला विचित्र वाटतं, वाटू दे. चार दिवसांत सवय होते. माझ्याकडे बघ. उजवा हात वर." आणि आईचा घड्याळाचा हात वर गेला. मनगट वाळल्यामुळे घड्याळ पट्ट्यासकट घरंगळत कोपरापर्यंत आलं. तिचा उजवा हात आपोआप वर गेला, आरशातल्यासारखा. "डावा. दोन्ही. बाजूला. खाली." आई म्हणत होती, करत होती, तिच्यापाठोपाठ मुलगी करत होती. मावशी दारात आल्या होत्या. त्यांनी कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरला होता आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत होत्या. हात बाजूला, हात समोर, टाच वर, टाच खाली. चौथ्या फेरीला आईची नजर मागं खुर्चीकडे गेली. सगळं बरोबर होत होतं. वर्ग शिकला होता. आता बसायला हरकत नव्हती.

"उजवा हात वर," आई जरा थकून म्हणाली.

तिनं डावा वर केला.

आईची नजर खुर्चीवरून परत आली. "चुकलं," ती म्हणाली. मुलीनं मान खाली घातली होती, लहानपणी घालायची तशी, हात मात्र ताठ वर. आई जवळ आली. पावलं घासत, एक, दोन, तीन. मनगटाभोवती बोटं आली, गार, हलकी, पण पकड तीच. आईनं तिचा हात खाली घेतला नाही. नुसता धरून ठेवला. दारातून मावशी कुजबुजल्या, "बारा मिनिटं झाली." कोणी तिकडे पाहिलं नाही.

"नवीन आहेस म्हणून सांगून ठेवते," आई हळू आवाजात म्हणाली, एका शिक्षिकेनं दुसरीला मुलींच्या नकळत सांगावं तशी. "चुकणाऱ्या पोरींत दोन प्रकार असतात. एक खरीच चुकते. ती आपल्या तोंडाकडे बघते, बरोबर आहे का म्हणून. दुसरी मुद्दाम चुकते. ती खाली बघते."

"मुद्दाम कशाला कोण चुकेल, बाई?"

"चुकतात." आई जरा हसली. तिनं बाईंचीच्या खांद्यावरून मागं पाहिलं, भिंतीपलीकडे, जिथं रांगा असाव्यात. "माझी मुलगी आहे ना शेवटच्या रांगेत. डावीकडून चौथी. सगळं येतं तिला. घरी कपाटाच्या आरशापुढं करते, मी दाराआडून बघितलंय. इथं येऊन चुकते. मी जवळ जावं म्हणून."

तिला वर बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. हात भरून आला होता, मुंग्या कोपराच्या वर चढल्या होत्या. आईची बोटं मनगटावर तशीच होती.

"मग तुम्ही काय करता?"

"जाते की," आई म्हणाली. "आधी बाकीच्या सगळ्यांकडे जाऊन येते. तिच्याकडे शेवटी जाते. म्हणजे मग तिथं घाई नसते."